दर म्हणजे कशाचा दर?

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही दोघा-तिघांनी व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा एक एआय एजंट तयार केला होता. सभासदाने विचारायचं, ‘आज लासलगावला उन्हाळ कांदा काय गेला?’ आणि एजंटने बाजारभावाच्या नोंदी पाहून सांगायचं. पहिले आठ-दहा दिवस चांगले गेले. मग एका सकाळी एका सभासदाच्या फोनवर उत्तर पोचलं: ‘आज लासलगाव येथे उन्हाळ कांद्याचा दर शून्य रुपये आहे.’ त्यांची ट्रॉली भरून तयार होती. थोड्या वेळाने त्यांच्या मुलाचा मला फोन आला. ‘दादा, शून्य म्हणजे काय? एवढा पडला का बाजार? बाबा हबकून बसलेत.’

बाजार पडला नव्हता. त्या दिवशी लिलावच बंद होते.

काय घडलं ते नोंदींमध्ये स्वच्छ दिसत होतं. एजंटने दर आणणाऱ्या टूलला बरोबर हाक मारली होती, बाजार समितीचं नाव बरोबर दिलं होतं, तारीखही बरोबर होती. लिलाव झाले नव्हते म्हणून टूलने रिकामी यादी परत केली. त्या रिकामेपणाचा अर्थ काय लावायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून एजंटमागच्या भाषा-मॉडेलने आपल्या परीने तो लावला. त्या टूलचं वर्णन एवढंच होतं: ‘बाजारभाव देते.’ हे दोन शब्द मी लिहिले होते. कोड लिहायला मला चार दिवस लागले होते आणि वर्णन लिहायला अर्धा मिनिट.

तेव्हापासून माझं एक मत बनलं आहे. एजंट बांधण्याच्या कामात टूलचं वर्णन हे सगळ्यात जबाबदारीचं लेखन आहे, ते आज बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत उरकलं जातं, आणि ते लिहिण्याचा हक्क एकट्या प्रोग्रामरचा नाही.

आधी हे चालतं कसं ते सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की मॉडेल स्वतःच जाऊन बाजार समितीच्या नोंदी उघडतं. तसं होत नाही. मॉडेल फक्त मजकूर वाचतं आणि मजकूर लिहितं. आपण त्याच्यापुढे टूलची एक यादी ठेवतो. प्रत्येक टूलचं नाव, ते काय करतं याचं वर्णन, आणि त्याला कोणती माहिती द्यावी लागते त्याचा तपशील. मॉडेल माणसाचा प्रश्न वाचतं, यादी वाचतं आणि लिहून कळवतं की अमुक टूल, अमुक माहिती देऊन चालवा. चालवतो तो आपला प्रोग्राम. आलेलं उत्तर पुन्हा मॉडेलपुढे ठेवलं जातं आणि ते वाचून मॉडेल पुढचं ठरवतं. ओपनएआय या एआय कंपनीने जून २०२३ मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ या नावाने ही सोय प्रोग्रामरांच्या हाती दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या दुसऱ्या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला आणि एकाने लिहिलेलं टूल दुसऱ्या कुणाच्याही एजंटला जोडता येईल अशी वाट खुली झाली. म्हणजे आता मी नाशकात बसून लिहिलेलं वर्णन मी कधीही न पाहिलेलं मॉडेल, मी कधीही न भेटलेल्या माणसासाठी वाचणार.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. मी आत कितीही काळजीपूर्वक लिहिलेलं असो, सुट्टीचे दिवस तपासलेले असोत, एककं जुळवलेली असोत, वर्णनात ते आलं नसेल तर मॉडेलच्या दृष्टीने ते अस्तित्वात नाही.

शून्य दराच्या प्रकरणानंतर मी ते वर्णन कागदावर छापून घेतलं आणि कंपनीच्या कार्यालयात नेहमी येणाऱ्या एका काकांपुढे ठेवलं. काका तीस वर्षं बाजारात मापाडी होते. त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, ‘बाजारभाव देते. बरं. कशाचा देते? क्विंटलचा?’

मी हो म्हणालो.

‘टोमॅटो पण क्विंटलचाच?’

मला उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले, ‘टोमॅटो क्रेटवर जातो, वीस किलोच्या. कोथिंबीर शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्या. हापूस आला तर पेटी. तुझ्या मशिनने जुडीचा भाव किलोचा म्हणून सांगितला तर शेतकरी परत त्याला काही विचारणार नाही.’ मग पुढचा प्रश्न आला. ‘आजचा भाव म्हणजे किती वाजेपर्यंतचा? लिलाव दोन सत्रांत होतात. दुपारी बाराला विचारलं तर हे काय सांगणार?’ मग आणखी एक. ‘कांदा म्हणजे कोणता? लाल, उन्हाळ, का गोल्टी? गोल्टीचा भाव वेगळा असतो.’ आणि शेवटी, ‘बाजार बंद असला तर काय बोलतं हे?’

वीसेक मिनिटांत काकांनी आठ-नऊ प्रश्न विचारले. मॉडेलने त्यातला एकही मला विचारला नव्हता.

मला वाटतं सगळा फरक इथे आहे. जाणकार माणूस वर्णन वाचतो तेव्हा त्याला त्यातली भोकं दिसतात. मॉडेल वर्णन वाचतं तेव्हा ते भोकं बुजवतं. बुजवण्यासाठी त्याच्याकडे जगभरच्या मजकुरातून गोळा केलेली सर्वसाधारण समज असते आणि ती पुष्कळदा उपयोगी पडते. पण लासलगावच्या आवारात त्या दिवशी लिलाव का झाले नाहीत, हे सर्वसाधारण समजेतून निघत नाही. कांद्याच्या काही बाजारांत अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा होती. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस ठप्प होते. सणाची सुट्टी असते, व्यापाऱ्यांचा बंद असतो, कधी नोंद करणाऱ्याकडूनच नोंद उशिरा येते. रिकाम्या यादीमागे इतकी कारणं असू शकतात आणि ‘दर शून्य झाला’ हे त्यातलं एकही नाही.

दराच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. बाजारभावाच्या तक्त्यात तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या बाजारभावाच्या संकेतस्थळावर या तिसऱ्या आकड्याला ‘मोडल प्राइस’ म्हणतात. ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो भाव, असा त्याचा अर्थ. वर्तमानपत्रं आणि बोलणारी माणसं त्यालाच सरसकट ‘सरासरी’ म्हणतात. आता सभासदाने विचारलं, ‘सरासरी काय निघाली?’ तर मॉडेल काय करेल? आमच्या मॉडेलने दोनदा किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनाने भागलं. समजा किमान ६०० आणि कमाल २२०० असेल, तर हा भागाकार १४०० देतो. पण चांगल्या प्रतीचा माल भरपूर आलेला असेल तर सर्वसाधारण दर १८०० असू शकतो. ट्रॉली न्यायची की माल आठवडाभर कांदाचाळीत ठेवायचा, हा निर्णय या ४०० रुपयांवर ठरतो. गणित बिनचूक होतं आणि उत्तर चुकीचं. वर्णनात एक ओळ असती तर हे टळलं असतं.

वाचणाऱ्याच्या शेजारी उभं न राहता लिहिणाऱ्याने त्याच्या हातून काम बरोबर करून घ्यायचं, ही कला मराठीला नवी नाही. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं. परगावी, परदेशी संसार मांडलेल्या मुलीपाशी विचारायला आई नसते की सासू नसते, तिच्याही हाती ते देता येतं. ‘अंदाजाने मीठ’ हे अनुभवी हाताला पुरतं, कारण अंदाज त्या हातात असतो. नवख्या हाताला वाटी आणि चमचा लागतो. कमलाबाईंनी घरोघरी असणारी वाटी आणि चमचा हीच मापं धरली आणि म्हणून ते पुस्तक इतक्या स्वयंपाकघरांत टिकलं. माझ्या ‘बाजारभाव देते’मध्ये सगळा अंदाज माझ्या हातात होता आणि वाचणाऱ्याला मी वाटी दिलीच नव्हती.

संगणकाच्या जगातही हे शहाणपण जुनं आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली माहितीपुस्तिका केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये तयार केली, तिच्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. त्यात प्रत्येक आज्ञेला एक पान, आणि पानावर ठरलेली शीर्षकं. नाव, वापरण्याची रीत, वर्णन, आणि शेवटाकडे दोन शीर्षकं मला फार मोलाची वाटतात. एक ‘बग्ज’, म्हणजे हे कुठे चुकतं किंवा कमी पडतं. दुसरं ‘ओनर’, म्हणजे याची जबाबदारी कोणाची. आपण लिहिलेल्या प्रोग्रामचे दोष त्याच पानावर, वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवायचे आणि खाली आपली ओळख द्यायची. पन्नास वर्षांनंतर आज एजंटसाठी लिहिलेली वर्णनं वाचली की या दोन्ही गोष्टी गायब दिसतात. त्याऐवजी ‘शक्तिशाली’, ‘सर्वसमावेशक’, ‘अत्याधुनिक’ असे शब्द दिसतात. ही जाहिरातीची भाषा आहे आणि इथे ती घातक ठरते, कारण मॉडेल तिच्यावर विश्वास ठेवतं. ‘शेतीविषयक सर्व माहिती देणारे सर्वसमावेशक टूल’ असं वाचल्यावर ते पावसाचा अंदाजही तिथेच विचारायला जातं आणि जे मिळेल ते सभासदाला सांगून मोकळं होतं.

म्हणून माझ्या मते वर्णनातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे नकार. हे टूल काय करत नाही, ते कधी वापरू नये, आणि त्याऐवजी काय वापरावं. टूल काय करतं ते नावावरूनही थोडंफार कळतं. ते कुठे थांबतं हे मात्र लिहिल्याशिवाय कळायला काही मार्ग नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हुशार माणसांकडून येतो. मॉडेलं दर काही महिन्यांनी सुधारत आहेत, आज जे समजावून सांगावं लागतं ते उद्या आपोआप समजेल, मग या मजकुरावर इतका वेळ कशाला घालवायचा? मला हा आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो. हुशारी वाढली तर तर्क सुधारतो. न सांगितलेली वस्तुस्थिती तर्काने कळत नाही. माझ्या डेटाबेसमध्ये रक्कम रुपयांत आहे की पैशांत, हे अतिशय बुद्धिमान माणसालाही पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ऑनलाइन पैसे भरण्याच्या काही व्यवस्थांमध्ये रक्कम पैशांत पाठवण्याची पद्धत आहे, ५०० रुपये म्हणजे ५०,०००. तिथे ‘रक्कम’ एवढंच लिहून ठेवणं म्हणजे शंभरपटीची चूक दारात उभी करून ठेवणं. ‘०३/०४’ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च, हेही लिहिणाऱ्यालाच माहीत. उलट मॉडेल जितकं हुशार तितकं ते भोक जास्त सफाईने बुजवतं. शून्य दराची चूक आमच्या लक्षात आली कारण ती उघड विचित्र होती. मॉडेलने आदल्या दिवशीचा दर ‘आजचा’ म्हणून सांगितला असता तर मुलाचा फोन आलाच नसता आणि आम्हाला काही कळलंही नसतं.

मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांचा अनुभवही हेच सांगतो. अँथ्रॉपिकने सप्टेंबर २०२५ मध्ये लिहिलं की वेबवर शोध घेण्याचं टूल सुरू केलं तेव्हा त्यांचं मॉडेल शोधाच्या शब्दांपुढे गरज नसताना ‘२०२५’ जोडत होतं आणि त्याने निकाल बिघडत होते. इलाज मॉडेलवर करावा लागला नाही. टूलचं वर्णन सुधारल्यावर ते ठीक झालं. ज्यांच्या हातात मॉडेलच आहे, त्यांनीसुद्धा चार वाक्यं बदलणं पसंत केलं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि त्याने माझं मत थोडं बदललं. तो असा: टूल समजावून सांगायला इतकं लिहावं लागत असेल तर टूलच वाईट बांधलेलं आहे. यात तथ्य आहे. त्याच कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा अनुभव सांगितला होता. प्रोग्राममधल्या चुका दुरुस्त करणारा त्यांचा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचा पत्ता चुकवायचा, कारण पत्ता तो जिथे उभा आहे तिथून मोजला जायचा. त्यांनी टूलच बदललं आणि पत्ता नेहमी मुळापासून पूर्ण द्यावा लागेल असं केलं. चूक थांबली. या एजंटसाठी मुख्य सूचनांपेक्षा टूल नीट करण्यात आपला जास्त वेळ गेला, असंही त्यांनी नोंदवलं. आम्हीही शेवटी दोन्ही केलं. लिलाव बंद असल्याचं माहीत असेल तेव्हा टूल आता रिकामी यादी देत नाही, ‘लिलाव बंद’ असे शब्दच परत करतं. दरासोबत एकक प्रत्येक वेळी जोडून येतं. चूक झाली तर ‘त्रुटी ४००’ असा आकडा न देता ‘तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या’ असं सांगतं, कारण तो निरोपसुद्धा मॉडेलच वाचतं आणि तेही वर्णनच आहे.

पण टूल बदलायचं कुठे, हे आम्हाला कसं कळलं? वर्णन लिहायला बसल्यावर. एखादी गोष्ट एका वाक्यात सांगता येईना, ‘परंतु’, ‘मात्र’, ‘अपवाद’ वाढत चालले, की समजावं तिथे टूलची बांधणी चुकली आहे. आमची दोन टूलं होती, एक ‘भाव शोधा’ आणि एक ‘बाजार माहिती’. दोन्हींची वर्णनं शेजारी शेजारी लिहिताना मलाच त्यांच्यातला फरक सांगता येईना. मग मॉडेल कधी याला, कधी त्याला हाक मारत होतं यात त्याचा काय दोष? आम्ही त्यातलं एक काढून टाकलं.

लांबीबद्दलही बोललं पाहिजे, कारण हे सगळं ऐकून कुणी दोन-दोन पानं लिहील. टूलची सगळी यादी सहसा प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जाते. चाळीस टूलं आणि प्रत्येकाचं पानभर वर्णन म्हणजे सभासदाचा एका ओळीचा प्रश्न त्या ढिगाखाली. देवनागरी मजकुराचे मॉडेलच्या मापाने तुकडेही इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणजे खर्चही जास्त. तेव्हा प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य नसेल तर मॉडेल चुकेल का? चुकणार नसेल तर वाक्य काढावं.

हे सगळं धरून आम्ही जे लिहिलं ते असं:

‘एका बाजार समितीत एका दिवशी एका शेतमालाला मिळालेला किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देते. दर रुपयांत असतो. एकक मालानुसार बदलते (कांदा क्विंटल, टोमॅटो २० किलोचा क्रेट, कोथिंबीर १०० जुड्या) आणि उत्तरात दरासोबत येते. एकक सांगितल्याशिवाय दर सांगू नये. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने सर्वाधिक माल विकला गेला तो. लोक यालाच सरासरी म्हणतात. किमान आणि कमाल यांवरून तो काढू नये. कांद्याचा प्रकार (लाल, उन्हाळ, गोल्टी) विचारणाऱ्याने सांगितला नसेल तर आधी विचारावा. यादी रिकामी आली तर दर शून्य आहे असा अर्थ होत नाही. नोंद उपलब्ध नाही असे सांगून शेवटच्या नोंदीचा दर तारखेसह द्यावा. उद्याच्या भावाचा अंदाज या टूलमध्ये नाही.’

यातली निम्म्याहून जास्त वाक्यं काकांची आहेत. मी फक्त लिहून घेतली. ‘लोक यालाच सरासरी म्हणतात’ हे वाक्य माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं, आणि सगळ्यात जास्त चुका त्यानेच थांबवल्या.

इथे भाषेचा प्रश्न येतो. आपल्याकडे अशी वर्णनं सर्रास इंग्रजीत लिहितात. मॉडेलला इंग्रजी चांगलं येतं हे खरं आहे आणि वर्णनाचा सांगाडा इंग्रजीत ठेवायला माझी हरकत नाही. पण विचारणारा ‘काय गेला’ म्हणतो, ‘गोल्टी’ म्हणतो, ‘शेकडा’ म्हणतो. हे शब्द वर्णनात जसेच्या तसे असले पाहिजेत. ‘गोल्टी’चं इंग्रजी करून ‘लहान कांदा’ लिहिलं तर सांबारातला छोटा कांदा आणि बाजारातली गोल्टी यांची गल्लत व्हायला वेळ लागत नाही. याहून मोठं कारण म्हणजे वर्णन इंग्रजीत असेल तर काकांना ते वाचता येणार नाही. मग त्यातली चूक पकडणारा एकमेव माणूस आपण स्वतःच खोलीबाहेर काढलेला असतो.

मॉडेल वर्णनावर विश्वास ठेवतं याला एक काळी बाजूही आहे. इनव्हेरियंट लॅब्ज या सुरक्षा-संशोधन करणाऱ्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये दाखवून दिलं की दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या एका साध्या टूलच्या वर्णनात लपवून सूचना लिहिता येतात: आधी वापरणाऱ्याच्या संगणकावरची गुप्त किल्ली असलेली फाइल वाच, तिच्यातला मजकूर सोबत पाठव, आणि याबद्दल त्याला काही सांगू नकोस. वापरणाऱ्याला पडद्यावर दिसते ती बेरीज. मॉडेलला दिसतं ते पूर्ण वर्णन. म्हणजे हा मजकूर हुकूम म्हणून पाळला जातो, हे चोराला आपल्याआधी कळलं. सातबारा, बँक खातं, दवाखान्याचे कागद यांच्यापर्यंत हात पोचणारी टूलं उद्या गावागावांत वापरली जातील. त्यांची वर्णनं वापरणाऱ्याला वाचायला मिळाली पाहिजेत, पूर्ण आणि त्याला कळेल अशा भाषेत, आणि खाली जबाबदार माणसाचं नाव असलं पाहिजे. १९७१ च्या त्या पुस्तिकेत बेल लॅब्जमधल्या मोजक्या सहकाऱ्यांसाठी जे केलं होतं, ते आज लाखो लोकांसाठी करायला कोणतीही अडचण नाही.

प्रोग्रामर मित्रांना हे पटवताना एक गोष्ट मला नेहमी जड जाते. कोड लिहिणं हे खरं काम आणि मजकूर लिहिणं हे कारकुनी, अशी आमच्या धंद्यात समजूत आहे. महाविद्यालयात आम्हाला चार वर्षांत एकदाही कुणी ‘हे वाक्य दोन अर्थांनी वाचता येतं’ म्हणून मार्क कापले नाहीत. कोड चुकला तर संगणक थांबतो. वर्णन चुकलं तर संगणक थांबत नाही, तो पुढे जातो आणि चुकीचं उत्तर शुद्ध मराठीत, आदराने देतो. निफाडच्या त्या सभासदाला गेलेल्या उत्तरात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

म्हणून माझं सांगणं प्रोग्रामरांपेक्षा बाकीच्यांना जास्त आहे. तुम्ही बाजार समितीत असाल, सहकारी बँकेत, ग्रामपंचायतीत, शाळेच्या कार्यालयात, दवाखान्यात, आणि तुमच्या कामासाठी एजंट बसवायला कुणी आलं, तर त्याने दाखवलेलं प्रात्यक्षिक पाहून मान हलवू नका. त्याच्याकडे टूलच्या वर्णनांचा कागद मागा, मराठीत मागा, आणि पेन घेऊन बसा. दर म्हणजे कशाचा दर, आज म्हणजे किती वाजेपर्यंत, रिकामं म्हणजे काय, हे त्याला विचारा. हे प्रश्न त्याला सुचणार नाहीत, आणि तुम्हाला त्यांची उत्तरं तोंडपाठ आहेत.